डास पळवणारी झाडं: खिडकीत काय लावायचं आणि पानांचं काय करायचं

चेंबूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घर दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला नाला, आणि बागेसाठी जागा म्हणाल तर खिडकीच्या बाहेर काढलेली ग्रिल, तेवढीच. घरात चार वर्षांची मुलगी आहे. सासूबाईंना दमा असल्यामुळे कॉइल लावता येत नाही, लिक्विडच्या मशीननेही त्यांना खोकला लागतो. नर्सरीवाल्याने ‘मच्छर प्लांट’ म्हणून एक रोप दिलं, ते खिडकीत ठेवून महिना झाला, पण डास तसेच आहेत. त्या विचारतात की झाड चुकलं का, मग कोणती झाडं लावू, ती मुंबईत कुठे मिळतील, आणि त्यांनी खरंच फरक पडतो का.

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. मुंबईत खिडक्यांत, बाल्कनीत, गच्चीवर बागा लावून द्यायचं माझं काम आहे आणि पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न मला हमखास येतो. कुंडीत नुसतं उभं असलेलं झाड डासांना घराबाहेर ठेवू शकत नाही. त्याच झाडाची पानं खुडून, चुरडून अंगाला लावली, तेलात उतरवली, तर मात्र उपयोग होतो. तो थोड्या वेळापुरता असतो, पण असतो. म्हणून झाड निवडताना ‘याच्या वासाने डास पळतील का’ असं विचारू नका. ‘याची मूठभर पानं मला रोज काढता येतील का’ असं विचारा. या एका प्रश्नाने निम्मी झाडं आपोआप यादीतून जातात.

असं का, ते समजून घ्या. चावते ती मादी, कारण अंड्यांसाठी तिला रक्त लागतं. ती आपल्याला शोधते श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या उबेवरून आणि घामाच्या वासावरून. गवती चहा, तुळस, निर्गुडी यांच्या पानांतली तेलं या शोधात अडथळा आणतात. पण ही तेलं पानात कोंडलेली असतात, बंद डबीतल्या अत्तरासारखी. गवती चहाच्या कुंडीशेजारी उभ्या राहा, वास जेमतेम येतो. एक पात बोटांत चुरडा, घमघमाट सुटतो. डासांच्या बाबतीतही तोच फरक आहे. त्यातून ग्रिल बाहेरच्या बाजूला. झाडाचा जो थोडाफार वास सुटतो तो वाऱ्याबरोबर निघून जातो आणि खोलीत तुम्ही, मुलगी आणि सासूबाई यांचा श्वास आणि घाम तसाच राहतो.

यावर प्रयोगही झालेले आहेत. तुम्हाला दिलेलं रोप बहुधा लिंबासारख्या वासाच्या जिरेनियमचं असावं. पानं कातरलेली, लवदार, चुरडल्यावर सिट्रोनेलासारखा वास, अशी त्याची खूण. ‘मॉस्किटो प्लांट’ म्हणून ते परदेशात खूप विकलं गेलं, तेव्हा १९९०च्या दशकात अमेरिकेत आणि कॅनडात त्याची तपासणी झाली. झाड शेजारी असताना आणि नसताना डासांच्या चावण्यात फरक पडला नाही. डास त्याच झाडाच्या पानांवर येऊन बसतानाही दिसले. तेव्हा तुमच्या निगेत काही चुकलं असं मनात आणू नका. दुसऱ्या बाजूला केनियातला एक प्रयोग आहे, २००२ साली प्रसिद्ध झालेला. त्यात प्रयोगासाठी बांधलेल्या खोपटांत रानतुळशीच्या एका जातीची आणि घाणेरीची जिवंत झाडं कुंडीत ठेवली, तर येणारे डास साधारण तीस ते चाळीस टक्क्यांनी कमी भरले. हे काही थोडं नव्हे. पण तो आफ्रिकेतला मलेरियाचा डास होता, प्रयोगही नियंत्रित जागेत झाला, आणि तरीही शंभरातले साठ डास माणसापर्यंत पोचलेच. डेंग्यूला एक चावा पुरतो.

आता झाडं.

तुमच्या खिडकीत एकच कुंडी मावत असेल तर ती गवती चहाची असू द्या. मुंबईच्या हवेला याच्याइतकं सोसणारं, कापाल तितकं फुटणारं दुसरं झाड मला माहीत नाही. रोप विकत घ्यायचीही गरज नाही. भाजीवाल्याकडे आलं-पुदिन्याच्या शेजारी गवती चहाच्या जुड्या असतात. बहुतेक जुड्या नुसत्या पातींच्या असतात, त्या चालत नाहीत. ज्या काडीला खाली पांढरट, घट्ट बुडखा आहे, अशा चार-पाच काड्या वेचून घ्या. बुडख्याला मुळाचे धागे दिसले तर फारच उत्तम. वरची पात वीतभर ठेवून कापा आणि बुडखे बोटभर पाण्यात उभे करा. एक-दोन आठवड्यांत पांढरी मुळं फुटतात. पाणी मात्र दर दोन दिवसांनी बदला आणि पेला आतून घासा. डासांसाठी झाड लावताना त्याच पेल्यात डास वाढलेले मी अनेक घरांत पाहिले आहेत.

मुळं बोटभर झाली की बारा इंची कुंडीत लावा. निम्मी लाल माती, बाकीच्यात कोकोपीट आणि शेणखत किंवा गांडूळखत. बुडखा मातीत दोन बोटं जाईल इतकाच खोल ठेवा, त्याहून खाली गेला तर पावसात सडतो. पाच-सहा तास ऊन मिळालं तर तीन-चार महिन्यांत ठोंब भरतो. कापताना पात उपटू नका. मातीपासून चार-पाच बोटं वर कात्रीने कापा, बाहेरची जुनी पात आधी. पातीच्या कडा धारदार असतात, मुलीला ओढू देऊ नका. दोन-तीन वर्षांनी ठोंब मधून पोकळ होऊ लागतो. तेव्हा जूनच्या पहिल्या पावसानंतर तो काढून त्याचे तुकडे करा, एक पुन्हा लावा, बाकीचे शेजाऱ्यांना द्या.

सिट्रोनेला हा गवती चहाचाच भाऊबंद, आणि बाजारातल्या सिट्रोनेला तेलाचं मूळ. रोपं इतकी सारखी दिसतात की नर्सरीत एकाच्या नावावर दुसरं सर्रास विकलं जातं. बुडखा बघा: सिट्रोनेलाच्या बुडख्यावर लालसर-जांभळी झाक असते, गवती चहाचा पांढरट हिरवा. पात चुरडा: गवती चहाला लिंबाचा स्वच्छ वास, सिट्रोनेलाला साबणाच्या अंगाने जाणारा, उग्र. सिट्रोनेला चहात घालत नाहीत. शिवाय ते वाढतं माणसाच्या उंचीचं आणि पसरतंही. ग्रिलमध्ये त्याची कुचंबणा होते. गच्ची असेल त्यांनी जरूर लावावं. तुम्ही गवती चहावरच थांबा, म्हणजे चहालाही होईल आणि डासांनाही.

तुळस बहुतेक मराठी घरात असतेच, पण रोज मूठभर पानं खुडायची तर देवाच्या तुळशीला हात लावायला मन धजत नाही, ते मी समजू शकते. त्यासाठी वेगळी कुंडी करा आणि तिच्यात रामतुळस किंवा कापूरतुळस लावा. रामतुळशीची पानं मोठी, लवंगेसारख्या वासाची, झुडूप कमरेइतकं होतं. कापूरतुळशीला नावाप्रमाणे कापराचा वास. पूजेच्या तुळशीपेक्षा या दोन्ही पानांनी भरभरून येतात. मंजिऱ्या आल्या की लगेच खुडा, नाहीतर झाड बी धरून दमतं, पानं बारीक होतात. मुंबईत तुळस मरते ती बहुतेक वेळा जुलैत, पाणी साचून. पावसाळ्यात कुंडी ग्रिलच्या कडेला न ठेवता आत ओढून घ्या आणि बोटाने माती कोरडी लागल्याशिवाय पाणी घालू नका.

निर्गुडीबद्दल मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण शहरात ती विसरली गेली आहे. गावाकडे निर्गुडीचा पाला धान्याच्या कणगीत घालतात, सुजेवर शेकायला वापरतात, गोठ्यात तिची धुरी देतात. पाच बोटांसारखी पानं, खालून रुपेरी, वरून गर्द हिरवी, आणि जांभळट फुलांचे तुरे. पान चुरडलं की औषधी, किंचित मिरमिरीत वास येतो. डासांवर तिच्या पानांच्या तेलाचा आणि अर्काचा परिणाम प्रयोगशाळांतूनही तपासला गेला आहे. कुंडीत ती छान राहते, अट एकच, छाटत राहायचं. सोडली तर झाड होऊन बसते. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचा वीतभर तुकडा पावसाच्या सुरुवातीला तिरका खोचा, सहज रुजतो. जुने वैद्य, औषधी पाला विकणाऱ्या बायका, कर्जत-पालघरकडचे ओळखीचे लोक यांच्याकडे फांदी मागितली तर मिळते. नर्सरीत विचारलंत तर ‘निर्गुडी’ असंच नाव घ्या, औषधी वनस्पतींच्या रांगेत असते.

पानओवा, म्हणजे भज्यांसाठी लावतो तो जाड लवदार पानांचा, कमी उन्हात आणि छोट्या कुंडीत चालतो. डासांवरचं त्याचं काम बेताचं, पण ज्यांच्या खिडकीत ऊनच येत नाही त्यांना मी हाच सुचवते. पुदिना ओलसर सावलीत होतो, त्याचंही तसंच. झेंडूचं नाव डासांच्या यादीत नेहमी असतं. झेंडूच्या मुळांतली द्रव्यं मातीतल्या सूत्रकृमींना आवरतात, म्हणून टोमॅटो-मिरचीच्या कुंडीत तो जरूर लावा; पण खिडकीतल्या दोन झेंडूंनी डास कमी होतील अशी आशा ठेवू नका. लव्हेंडर आणि रोझमेरीवर पैसे घालवू नका. कोरड्या, थंड हवेची ही झाडं मुंबईचा जुलै काढत नाहीत. मुळं कुजतात आणि ऑगस्टपर्यंत काडी उरते. घाणेरी, म्हणजे टणटणी, केनियातल्या प्रयोगात चालली खरी, पण घरात लहान मूल असताना मी ती लावत नाही. तिची कच्ची फळं विषारी असतात.

ऊन कुठून येतं ते एकदा नीट पाहून घ्या. मुंबईत साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारी डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणून उत्तरेच्या खिडकीत मे महिन्यात छान ऊन पाहून लोक झाडं लावतात, आणि दिवाळीनंतर तिथे उन्हाचा कवडसाही पडत नाही. गवती चहा आणि निर्गुडी दक्षिण, पूर्व किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवा. उत्तरेची एकच खिडकी असेल तर पानओवा आणि पुदिना. वजनाचाही विचार करा. ओल्या मातीने भरलेली बारा इंची कुंडी पंधरा-वीस किलोला सहज जाते. ग्रिल गंजलेली असेल तर आधी फॅब्रिकेटरला दाखवा आणि कुंड्या तारेने बांधा. खाली रस्त्यावरून माणसं चालतात.

आता पानं वापरायची कशी, हा खरा भाग.

सगळ्यात साधं म्हणजे तिन्हीसांजेला गवती चहाच्या पाच-सहा पाती किंवा रामतुळशीची मूठभर पानं हातांत चोळून घोटे, पोटऱ्या, कोपर यांना लावणं. डास खालून, सावलीतून येतात आणि पायांनाच आधी गाठतात, म्हणून पाय आधी. परिणाम अर्धा तास धरा, फार तर थोडा अधिक. तेल उडून जातं, वास गेला की काम संपलं. मुलगी खाली खेळायला जाते तेवढ्या वेळेला हे पुरतं, रात्रभर पुरत नाही. पहिल्यांदा तिच्या दंडावर आतल्या बाजूला थोडंसं लावा आणि एक दिवस थांबा. गवती चहाच्या तेलाने काहींच्या कातडीला पुरळ येतं. तळहातांना आणि चेहऱ्याला लावू नका, मुलं डोळे चोळतात.

थोडं अधिक टिकायला हवं असेल तर खोबरेल तेल. गवती चहाची पात धुऊन, पुसून, सावलीत दोन दिवस सुकवा. ओली पात घातली तर तेल खवट होतं. बारीक कापून वाटीत घाला, बुडेल इतकं खोबरेल ओता आणि ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मंद आचेवर तासभर राहू द्या. तेल थेट आचेवर तापवू नका, वास उडून जातो. गार झालं की गाळून बाटलीत. हे सौम्य असतं. विकतचं सिट्रोनेला तेल वापरणार असाल तर ते कधीही तसंच अंगाला लावू नका. तीस मिलीलीटर खोबरेलात दहा-बारा थेंब पुरे. कडुनिंबाच्या तेलाचंही असंच आहे. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्राने १९९०च्या दशकात खोबरेलात दोन टक्के कडुनिंबाचं तेल मिसळून लोकांच्या अंगाला लावून पाहिलं होतं, तेव्हा मलेरियाच्या डासांपासून चांगलं संरक्षण मिळालं. वास उग्र आहे, सगळ्यांना सोसत नाही. कापूर, निलगिरी, कडुनिंब यांची तेलं मुलांच्या पोटात गेली तर थेट दवाखाना गाठावा लागतो; बाटल्या देव्हाऱ्यापाशी, हाताशी येतील अशा ठेवू नका.

धुरी तुमच्या घरात नको. निर्गुडी आणि कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याच्या धुराने डास हटतात यात शंका नाही, पण दम्याला धूर हा धूरच; तो कॉइलचा असो की पाल्याचा. ज्यांच्या घरात कुणाला श्वासाचा त्रास नाही त्यांनीही धुरी दाराबाहेर, जिन्यात नव्हे तर मोकळ्या जागेत द्यावी. सासूबाईंसाठी पानांचा उग्र वाससुद्धा जपून. एखाद्या दिवशी दुसऱ्या खोलीत चार पाती चुरडून ठेवा आणि त्यांना काही होतं का बघा. त्यांच्यासाठी खरा उपाय म्हणजे खिडकीला बारीक जाळी, पलंगाला मच्छरदाणी आणि पंखा. डास कमजोर उडतो, पंख्याच्या झोतात त्याला बसता येत नाही.

इथे वेळेचा हिशेब लक्षात घ्या. संध्याकाळी आपण दारं लावतो, पानं चोळतो, दिवा लावतो. पण डेंग्यू पसरवणारा एडिस दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यानंतर आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आधी जास्त. पायांवर पांढरे पट्टे असलेला, काळा, छोटा डास. मलेरियाचा अ‍ॅनोफेलिस आणि नाल्यातला क्युलेक्स हे रात्रीचे. म्हणजे मुलीच्या दुपारच्या झोपेला मच्छरदाणी रात्रीइतकीच गरजेची. सोसायटीत डेंग्यू निघाला असेल तर पानांवर विसंबू नका. औषधाच्या दुकानातलं डीईईटी किंवा पिकारिडिन असलेलं क्रीम मुलीच्या वयाला चालेल असं बघून घ्या. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून केलेलं रिपेलंटही चांगलं आहे, ते तीन वर्षांवरच्या मुलांना लावतात.

आणि आता पाणी. ताई, हा भाग दोनदा वाचा.

तुमच्या ग्रिलमधल्या प्रत्येक कुंडीखाली बशी असणार. ती का असते तेही मला माहीत आहे: पाणी खाली ठिबकलं की पहिल्या मजल्याच्या दोरीवरचे कपडे खराब होतात आणि भांडण होतं. त्या बशीत दोन बोटं पाणी राहतं आणि एडिसला तेवढं पुरतं. एका बाटलीच्या झाकणातल्या पाण्यातही त्याच्या अळ्या वाढतात. आज रात्री मोबाइलचा टॉर्च तिरका धरून प्रत्येक बशी बघा. पाण्यात तांदळाच्या कणीएवढे धागे वळवळत खाली जाताना दिसले तर त्या अळ्या. प्रकाश पडला, सावली हलली की त्या झटक्याने तळाला जातात, थोड्या वेळाने श्वास घ्यायला परत वर येतात आणि डोकं खाली, शेपूट पृष्ठभागाला अशा तिरक्या लटकतात. पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहिली तर ती अ‍ॅनोफेलिसची. स्वल्पविरामासारखे गोल वाकलेले, डोकं मोठं असलेले दिसले तर ते कोष. त्यांतून दोन-तीन दिवसांत डास उडणार.

बशी नुसती ओतून टाकणं पुरत नाही. एडिस अंडी घालतो पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बशीच्या ओल्या कडेला. काळे, बारीक ठिपके, मातीचे कण वाटावेत असे. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. मार्चमध्ये कोरड्या पडलेल्या बशीतून जूनच्या पहिल्या पाण्याला डास निघतात ते असे. म्हणून बशी आठवड्यातून एकदा काथ्याने कडेकडेने घासायची, मग उन्हात उलटी. मुंबईच्या उबेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याचा वार ठरवून टाकलात तर साखळी तुटते. बशी काढताच येत नसेल तर ती काठोकाठ जाड वाळूने भरा. पाणी वाळूच्या खाली राहतं, डासाला उघडं पाणी मिळत नाही, आणि खालच्यांचे कपडेही वाचतात. पाऊस जोराचा असेल तेव्हा वाळूवर पाणी तरंगत नाही ना ते बघा.

बशीनंतर घरातल्या शोभेच्या झाडांकडे वळा. बाटलीतलं मनीप्लांट, काचेच्या भांड्यातला लकी बांबू, फेंगशुईची झाडं, फुलदाणी. महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी घरी येतात तेव्हा याच गोष्टी आधी तपासतात, कारण तिथेच सापडतं. आठवड्यातून दोनदा पाणी बदला, मुळं नळाखाली धरून चोळा, भांडं घासा. नाहीतर सरळ मातीत लावून टाका. फ्रिजच्या मागचा ट्रे, एसीचं पाणी पडतं ती बादली, ग्रिलवर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्या, रिकाम्या कुंड्या, नारळाच्या करवंट्या यांवरूनही नजर फिरवा. अळूच्या देठाच्या बेचक्यात आणि अननसासारख्या ब्रोमेलियाडच्या मध्यभागी पाणी साठतं. ब्रोमेलियाड ग्रिलमध्ये ठेवूच नका. कमळाचं टब कुणाकडे असेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत, अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळतात आणि अळ्या फस्त करतात. मासे नको असतील तर बीटीआय या जिवाणूचं औषध मिळतं, ते अळ्यांना मारतं आणि झाडाला इजा करत नाही.

मुंबईला हा धडा नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी शहरात मलेरिया इतका माजला होता की सरकारने डॉ. बेंटली यांना चौकशीला बसवलं. १९११च्या त्यांच्या अहवालात बोट ठेवलं होतं ते घराघरांतल्या उघड्या विहिरींवर. विहिरी बुजवायला, झाकायला सांगितलं तेव्हा लोकांनी विरोधही केला, काही विहिरी तर पूजेच्या होत्या. आज विहिरींच्या जागी गच्चीवरच्या टाक्या आणि बांधकामाच्या खड्ड्यांतलं पाणी आहे. डास तोच, अ‍ॅनोफेलिस स्टेफेन्साय.

तुमच्यासाठी मी असं करीन. जून लागायच्या आत गवती चहाचे बुडखे पाण्यात, पाऊस सुरू झाला की बारा इंची कुंडीत. शेजारी दहा इंचीत रामतुळस. ऊन चांगलं असेल तर तिसरी कुंडी निर्गुडीची, नाहीतर पानओव्याची. चौथी नको, चार कुंड्या म्हणजे घासायला चार बशा, आणि घरचं सगळं सांभाळून ते होत नाही. जिरेनियम टाकू नका, सुंदर झाड आहे, ऑक्टोबरनंतर फुलेलही. आरे कॉलनीच्या बाजूच्या नर्सरीत औषधी झाडं बऱ्यापैकी मिळतात, आणि हिवाळ्यात राणीच्या बागेत झाडांचं प्रदर्शन भरतं तिथेही चौकशी करा. रोप घेताना नावावर जाऊ नका, प्रत्येक वेळी पान चुरडून वास घ्या.

मागच्या नाल्याचं पाणी तुमच्या हातात नाही, आणि पाऊस थांबून नाले संथ झाले की क्युलेक्स वाढतोच. पण डेंग्यूचा एडिस फार लांबून येत नाही, बहुतेक वेळा आपल्याच इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत जन्मलेला असतो. म्हणून रविवारी सोसायटीच्या एक-दोघांना घेऊन गच्चीवर जा. टाकीची झाकणं घट्ट बसतात का, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे का, पागोळीत पानं अडकून पाणी साचलंय का, कुणाच्या जुन्या टायरमध्ये, मोडक्या कमोडमध्ये पाणी आहे का ते बघा. शेजारच्या बांधकामावर पाणी साचलेलं दिसलं तर १९१६ वर फोन करून तक्रार नोंदवा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या आणि वॉर्ड ऑफिसच्या कीटकनाशक विभागात त्या नंबरावरून पाठपुरावा करा.